चेहरा एकटा बोलतो काय?
भावमुद्रांच्या विश्वात्मकतेचा वाद आणि अनुभावाचे अनैकांतिकत्व

१

पदव्युत्तर वर्गात रससिद्धांत शिकवताना एक विधान वारंवार कानी पडते, आणि उत्तरपत्रिकांतूनही ते वाचावयास मिळते. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय असे आठ स्थायी भाव सांगितले. आधुनिक मानसशास्त्राने आनंद, दुःख, क्रोध, भय, किळस आणि आश्चर्य अशा सहा मूलभूत भावना आणि त्यांच्या ठराविक मुखमुद्रा जगभर एकच असल्याचे सिद्ध केले. तेव्हा भरताचे म्हणणे विज्ञानाने खरे ठरवले, असे ते विधान. दोन्ही याद्या शेजारी मांडल्या की पाच-सहा नावे जुळतात आणि विद्यार्थी समाधान पावतो.

मराठी समीक्षेत अशा जुळवाजुळवीला परंपराही आहे. के. ना. वाटवे यांनी 'रसविमर्श' (१९४२) या ग्रंथात रसव्यवस्थेचा विचार आधुनिक मानसशास्त्राच्या प्रकाशात केला, आणि त्यानंतर रस व मानसशास्त्र यांचे नाते हा आपल्या अभ्यासक्रमांचा एक स्थिर भाग झाला. तो प्रयत्न त्या काळी आवश्यकच होता. तथापि ज्या मानसशास्त्रीय निष्कर्षाचा आधार आज घेतला जातो, तो निष्कर्ष गेल्या तीन दशकांत पुष्कळ वादग्रस्त ठरला आहे. अशा वेळी जुन्या समीकरणावर विसंबून राहिल्यास मानसशास्त्रातील मत बदलताच रससिद्धांतही खोटा पडला असे मानण्याची पाळी येईल.

प्रस्तुत लेखात या वादाचा थोडक्यात परामर्श घेऊन एक मुद्दा मांडण्याचा प्रयत्न केला आहे. चेहऱ्यावरील भावाविष्कार विश्वात्मक आहेत काय, या प्रश्नाच्या मुळाशी एक गृहीतक आहे. चेहरा हा एकटा, प्रसंगापासून सुटा काढूनही, भावाची निश्चित खूण ठरतो, हे ते गृहीतक होय. संस्कृत काव्यशास्त्राने नेमके हेच गृहीतक नाकारलेले आहे. म्हणून आपल्या परंपरेचे या वादातील खरे मोल आठ आणि सहा यांच्या याद्या जुळण्यात नसून त्या नकारात आहे.

२

वादाचा आधुनिक आरंभ चार्ल्स डार्विन यांच्या १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या, मनुष्य व प्राणी यांच्या भावाविष्कारांवरील ग्रंथापासून धरला जातो. या ग्रंथासाठी डार्विन यांनी १८६७ मध्ये १६ प्रश्नांची एक प्रश्नावली वेगवेगळ्या खंडांत राहणाऱ्या परिचितांकडे पाठवली. त्यांना ३६ निरीक्षकांकडून उत्तरे आली. त्यांत मिशनरी आणि वसाहतींतील अधिकारी बरेच होते. एकच मनःस्थिती जगभर विलक्षण सारखेपणाने व्यक्त होते, असा निष्कर्ष डार्विन यांनी त्यांवरून काढला. प्रश्नांची रचना मात्र उत्तर सुचवणारी होती. आश्चर्य वाटल्यावर डोळे व तोंड उघडतात आणि भुवया वर जातात काय, असे विचारल्यावर उत्तर बहुधा होकारार्थीच येणार.

मराठी वाचकाला या ग्रंथातील एक तपशील विशेष विचार करावयास लावणारा आहे. डार्विन यांच्या निरीक्षकांपैकी एर्स्किन हे त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, राहिलेले होते. त्यांनी येथील लोकांच्या मुद्रांकडे लक्ष पुरवले, परंतु कोणताही निर्धोक निष्कर्ष काढणे त्यांना फार कठीण गेले. युरोपीय माणसासमोर येथील लोक आपल्या सर्व भावना लपवण्याच्या सवयीचे आहेत, असे कारण डार्विन यांनी नोंदवले आहे. एर्स्किन यांनी मग कानडा भागाचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडूनही माहिती मिळवली, आणि काही मुद्द्यांवर सुशिक्षित एतद्देशीयांचा सल्ला घेण्यात आला.

डार्विन यांच्या दृष्टीने नगरची ही नोंद म्हणजे माहितीतील एक उणीव होती. आपल्या दृष्टीने मात्र ती स्वतःच एक महत्त्वाची माहिती आहे. साहेबासमोर उभ्या असलेल्या रयतेच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हते, याचा अर्थ तेथे भाव नव्हता असा नाही. भाव होता, त्याच्या जोडीला भयही होते, अदबही होती, आणि कदाचित या दोहोंहून निराळे असे काही होते. पाहणारा कोण आहे यावर चेहरा काय दाखवील हे अवलंबून होते. निरीक्षक आपण चित्राबाहेर आहोत असे समजत होता. वस्तुतः तो त्या प्रसंगाचा एक घटक होता. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

३

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानवशास्त्रज्ञांचा कल संस्कृतिसापेक्षतेकडे होता. मार्गारेट मीड, रे बर्डव्हिसल प्रभृतींनी हावभाव हे भाषेप्रमाणे शिकले जातात असे मत मांडले. या मताला आव्हान दिले ते पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात राहणारे फोरे लोक त्या काळी चित्रपट, छापील चित्रे आणि बाहेरची माणसे यांच्या संपर्कात फारच थोडे आलेले होते. त्यांनी पाश्चात्त्यांचे भावदर्शी चेहरे ओळखले, तर ती ओळख शिकवणुकीने आली असे म्हणता येणार नाही, असा या संशोधकांचा युक्तिवाद होता. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात १८९ प्रौढ आणि १३० मुले यांच्यावर केलेला प्रयोग वर्णिला आहे.

प्रयोगाची रीत लक्षपूर्वक पाहावयास हवी. फोरे लोकांना लिहिता-वाचता येत नसल्याने भावनांच्या नावांची यादी पुढे ठेवणे शक्य नव्हते. म्हणून त्यांना एक लहानशी गोष्ट सांगत आणि काही छायाचित्रांतून त्या गोष्टीतील माणसाचा चेहरा निवडावयास सांगत. मूल मरण पावले आहे, मित्र भेटीला आले आहेत, अशा त्या गोष्टी. भयाची गोष्ट अशी होती की, माणूस घरात एकटा आहे, जवळ सुरी, कुऱ्हाड, धनुष्य यांपैकी काही नाही, आणि दारात रानडुक्कर येऊन उभे आहे. बहुतेक भावनांच्या बाबतीत फोरे श्रोत्यांची निवड संशोधकांच्या अपेक्षेप्रमाणे झाली. भय आणि आश्चर्य या दोन चेहऱ्यांत मात्र त्यांनी फरक केला नाही.

काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला या प्रयोगात एक ओळखीची गोष्ट दिसल्याशिवाय राहणार नाही. दारातील रानडुक्कर हा भयाचा आलंबन विभाव होय. घरातील एकटेपणा आणि शस्त्राचा अभाव हे उद्दीपन. म्हणजे फोरे लोकांपुढे नुसता अनुभाव ठेवलेला नव्हता. विभाव सांगून त्याला जुळणारा अनुभाव निवडावयास सांगितले होते. चेहऱ्याची भाषा विश्वात्मक आहे असे सिद्ध करू पाहणाऱ्या या प्रयोगाला गोष्टीचा आधार घ्यावा लागला, ही बाब एरवी केवळ सोय म्हणून दुर्लक्षिली जाते. आपल्या विवेचनात तिला मध्यवर्ती स्थान आहे.

४

एकमन यांच्या मताला नंतर मिळालेला पाठिंबा दुर्लक्षणीय नाही. २००४ च्या अथेन्स येथील ऑलिंपिक व पॅरालिंपिक स्पर्धांतील जुदो खेळाडूंच्या छायाचित्रांचा अभ्यास डेव्हिड मात्सुमोतो आणि बॉब विलिंगहॅम यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जन्मांध खेळाडूंच्या जय-पराजयाच्या क्षणीच्या मुद्रा डोळस खेळाडूंच्या मुद्रांसारख्याच आढळल्या. ज्याने दुसऱ्याचा चेहरा कधी पाहिलेला नाही त्याने तो अनुकरणाने उचलला असे म्हणता येत नाही. तेव्हा शरीराचा काही वाटा येथे निश्चित आहे.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच सबळ आहे. जेम्स रसेल यांनी १९९४ मध्ये या सर्व संशोधनाची झडती घेतली. ठराविक पर्यायांतून निवड करावयास लावणे आणि मुद्दाम घडवलेले अतिस्पष्ट चेहरे वापरणे यांमुळे एकमत कृत्रिमपणे वाढते, असे त्यांनी दाखवून दिले. वायव्य नामिबियातील हिंबा लोकांना मारिया जेंड्रॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेहऱ्यांची छायाचित्रे आपल्या मनाने वेगवेगळ्या गठ्ठ्यांत लावावयास दिली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ते गठ्ठे अपेक्षित सहा भावनांनुसार पडले नाहीत. भावनावाचक शब्द आधी पुरवल्यावर मात्र ते अपेक्षित रचनेकडे काहीसे सरकले. ज्या पापुआ न्यू गिनीत एकमन यांनी आपला सिद्धांत उभारला, त्याच देशातील ट्रोब्रियंड बेटांवर कार्लोस क्रिव्हेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. विस्फारलेले डोळे आणि उघडे तोंड असलेला, पाश्चात्त्य ज्याला भ्यालेला म्हणतात तो चेहरा, तेथील किशोरवयीनांनी धमकावणाऱ्या माणसाचा म्हणून ओळखला.

खेळाच्या मैदानावरचा आणखी एक प्रयोग येथे उल्लेखनीय आहे. हिलेल अविएझर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये टेनिसपटूंची, महत्त्वाचा गुण जिंकल्या-हरल्याच्या क्षणीची छायाचित्रे लोकांना दाखवली. नुसत्या चेहऱ्यावरून जिंकलेला कोण आणि हरलेला कोण हे पाहणाऱ्यांना सांगता आले नाही. शरीर दाखवल्यावर मात्र ते सांगता आले. उत्कटतेच्या शिखरावर हर्ष आणि शोक यांचे चेहरे इतके जवळ येतात. लिसा फेल्डमन बॅरेट प्रभृती पाच संशोधकांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेऊन, केवळ मुखमुद्रेवरून भावना निश्चित ओळखता येते या समजाला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष काढला. याउलट ॲलन कोवेन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १४४ देशांतील ६० लाख चित्रफिती यंत्राच्या साहाय्याने तपासून, १६ प्रकारच्या मुद्रा आणि त्या ज्या प्रसंगांत दिसतात ते प्रसंग यांचे संबंध जगाच्या १२ विभागांत सुमारे ७० टक्के समान असल्याचे मांडले.

हे निष्कर्ष वरवर परस्परविरोधी दिसतात. परंतु साम्य कोठे आढळते आणि कोठे ढासळते हे पाहिले तर एक सूत्र हाती लागते. जेथे चेहरा प्रसंगासह तपासला गेला, तेथे साम्य बरेच आढळले. जेथे चेहरा एकटा ठेवून त्याचा अर्थ विचारला, तेथे ते डळमळीत झाले.

५

हे सूत्र आपल्याला नवे वाटू नये. रसनिष्पत्ती विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून होते, हे भरताचे प्रतिपादन सर्वपरिचित आहे. सूत्रात तिघांचा एकत्र निर्देश का केला, असा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच विचारला जातो. अकराव्या शतकातील काश्मीरचा आलंकारिक मम्मट याने 'काव्यप्रकाशा'च्या चतुर्थ उल्लासात त्याचे उत्तर दिले आहे. त्याचे म्हणणे सारांशाने असे: वाघ हा जसा भयानकाचा विभाव होतो तसाच तो वीर, अद्भुत आणि रौद्र यांचाही होऊ शकतो, अश्रुपात हा जसा शृंगाराचा अनुभाव तसाच करुणाचा आणि भयानकाचाही, चिंता ही जशी शृंगारात तशीच वीर, करुण व भयानक यांतही संचार करते. यांतील प्रत्येक घटक सुटा घेतला तर तो अनैकांतिक ठरतो. म्हणून सूत्रात तिघे मिळून सांगितले आहेत.

मम्मटाचा वाघ आणि फोरे लोकांच्या दारातील रानडुक्कर ही दोन्ही एकाच जातीची उदाहरणे आहेत. श्वापद समोर आले म्हणजे भयच वाटेल असे नाही. शिकाऱ्याला उत्साह वाटेल, पाहुण्याला विस्मय. त्याचप्रमाणे डोळे विस्फारले म्हणजे भयच असे नाही. फोरे श्रोत्यांनी भय आणि विस्मय यांत गफलत केली, ही त्या प्रयोगातील चूक मानली गेली. मम्मटाच्या दृष्टीने तीच अपेक्षित होती.

अनैकांतिक हा शब्द न्यायशास्त्रातला आहे, हेही ध्यानात घ्यावे. जो हेतू साध्याबरोबर आढळतो तसाच साध्य नसतानाही आढळतो, तो अनैकांतिक हेतू; त्यावरून केलेले अनुमान सदोष. येथे एक आक्षेप संभवतो. विभाव-अनुभाव ही काव्य-नाट्यातील परिभाषा आहे. लोकव्यवहारात त्यांनाच कारण आणि कार्य म्हणतात, असे मम्मटच सांगतो. मग काव्यशास्त्रातील नियम प्रयोगशाळेला कसा लावावा? आक्षेप रास्त आहे. रसास्वाद आणि शेजाऱ्याचा राग ओळखणे या दोन गोष्टी एक नव्हेत. परंतु अनैकांतिकत्वाचा मुद्दा रसाच्या अलौकिकत्वावर आधारलेला नाही. तो कार्यावरून कारणाचे अनुमान करण्याच्या मर्यादेविषयी आहे. ती मर्यादा लोकव्यवहारातही तशीच राहते.

किंबहुना भरताने सात्त्विक भावांच्या विवेचनात ती लोकव्यवहाराच्याच उदाहरणांनी दाखवली आहे. अश्रूंची कारणे सांगताना तो आनंद, अमर्ष, भय आणि शोक यांच्याच पंक्तीत धूर, अंजन, जांभई, एकटक पाहणे, थंडी आणि रोग यांना बसवतो. रोमांच स्पर्शाने येतो, भयाने येतो, थंडीने येतो. हर्ष, क्रोध व रोग यांनीही येतो. ज्याने डोळ्यांतील पाण्याची कारणे सांगताना चुलीच्या धुराचाही विसर पडू दिला नाही, त्याच्या नावावर 'एक भाव, एक चेहरा' असा सिद्धांत खपवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मम्मटाच्या विवेचनातील पुढचा टप्पा याहून महत्त्वाचा आहे. एखाद्या श्लोकात केवळ विभाव किंवा केवळ अनुभाव वर्णिलेले असतात, तरीही रसप्रतीती होते, ती कशी? त्याचे उत्तर असे की, तेथील घटक त्या प्रसंगापुरता असाधारण असल्यामुळे तो उरलेल्या दोघांचा आक्षेप करतो, म्हणजे ते वाचकाच्या मनात ओढून आणतो. आता समोर नुसते छायाचित्र घेऊन बसलेल्या माणसाचा विचार करावा. त्याला अनुभाव दिला आहे, विभाव दिलेला नाही. अर्थ लावावयाचा तर विभाव त्याला स्वतःच्या संचितातून आणावा लागतो. न्यूयॉर्कचा विद्यार्थी त्या विस्फारलेल्या डोळ्यांपुढे संकट उभे करतो. ट्रोब्रियंडचा मुलगा त्या चेहऱ्यालाच संकट मानतो. चेहरा तोच, आक्षिप्त विभाव वेगळा. संस्कृतीचा प्रवेश होतो तो मुख्यतः येथे.

६

चेहरा शरीरधर्माने बोलतो की संकेताने, या प्रश्नावर नाट्यशास्त्राची भूमिकाही एकेरी नाही. सहाव्या अध्यायातील हास्याचे सहा भेद घ्यावेत. स्मित व हसित उत्तम प्रकृतीचे, विहसित व उपहसित मध्यम प्रकृतीचे, अपहसित व अतिहसित अधम प्रकृतीचे. स्थायी भाव एकच, हास. परंतु तो चेहऱ्यावर किती उमटू द्यावयाचा हे पात्राच्या सामाजिक दर्जानुसार ठरते. एकमन आणि फ्रीझन यांनी १९६९ मध्ये ज्यांना भावप्रदर्शनाचे नियम म्हटले, ते याहून फार दूर नाहीत. फरक असा की एकमन यांच्या मते आत एक नैसर्गिक मुद्रा आणि वर समाजाचा मुखवटा असतो. या द्वैतालाच ॲलन फ्रिडलंड यांनी १९९४ मध्ये हरकत घेतली. मुद्रा ही आतील भावाची गळती नसून समोरच्याला उद्देशून केलेला व्यवहार आहे, असे त्यांचे मत आहे.

नाट्यशास्त्रात हा व्यवहारही भावच मानला आहे. तेहतीस व्यभिचारी भावांत अवहित्थ नावाचा एक भाव येतो. आकार म्हणजे मुद्रा लपवणे हे त्याचे स्वरूप. लज्जा, भय, पराजय, गौरव आणि कुटिलता ही त्याची कारणे. भलतेच बोलणे, चालू बोलणे मध्येच तोडणे, उसने धैर्य आणणे हे त्याचे अनुभाव. लपवणे म्हणजे भावाचा अभाव असे भरत समजत नाही. लपवणे हा स्वतंत्र भाव आहे, त्याला विभाव आहे आणि जाणत्या नजरेला दिसणारे अनुभावही आहेत.

आता डार्विन यांच्या ग्रंथातील नगरची नोंद पुन्हा आठवावी. एर्स्किन यांना जे दिसले ते अवहित्थ होते. भय आणि गौरव हे त्याचे विभाव, आणि त्या विभावाचे आलंबन खुद्द निरीक्षक. सुट्या चेहऱ्यावर भिस्त ठेवणाऱ्या पद्धतीला ही रिकामी जागा वाटली. संयोगाच्या पद्धतीला ती भरलेली दिसली असती.

याचा अर्थ भारतीय अभिनय केवळ भारतीयांनाच कळतो असा मात्र नव्हे. अहल्या हेजमाडी, रिचर्ड डेव्हिडसन आणि पॉल रोझिन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्या विषयाला फारच जवळचा आहे. शास्त्रीय नृत्याच्या परंपरेनुसार सादर केलेल्या दहा भावांच्या चित्रफिती त्यांनी भारतीय आणि अमेरिकन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दाखवल्या. पर्याय दिले असता सरासरी ६५ टक्के आणि मुक्त उत्तर मागितले असता ६१ टक्के ओळख अचूक निघाली. त्यांत वीर, शांत, लज्जा यांसारखे एकमन यांच्या यादीबाहेरचे भावही होते. परंतु हे आविष्कार स्थिर छायाचित्रे नव्हती. ते गतिमान होते, त्यांत हात होते, संपूर्ण देह होता. अभिनय हा ओळखला जावा यासाठीच घडवलेला असतो. तो ओळखला गेला यावरून नाट्यशास्त्राची अभिनयदृष्टी किती समर्थ आहे हे सिद्ध होते; लोकव्यवहारातील प्रत्येक चेहरा तितकाच वाचनीय असतो, हे सिद्ध होत नाही.

७

साहित्याच्या अभ्यासकाकडे या वादात घालण्यासारखी स्वतःची सामग्री आहे, हे ओटो क्लाइनबर्ग यांनी १९३८ मध्येच दाखवले होते. त्यांनी चिनी कादंबऱ्यांतून भावदर्शक शब्दप्रयोग गोळा केले. त्यांत जीभ बाहेर काढणे हे आश्चर्याचे, डोळे गोल होऊन विस्फारणे हे क्रोधाचे, तर कान व गाल खाजवणे हे समाधानाचे चिन्ह आढळले. कंप, घाम, अश्रू यांसारख्या खुणा मात्र परक्या वाचकालाही सहज कळणाऱ्या होत्या.

जिभेचेच उदाहरण भारतात आणून पाहावे. उषा मेनन आणि रिचर्ड श्वेडर यांनी १९९४ मध्ये ओडिशातील कालीमातेच्या प्रतिमेविषयी लिहिताना, शिवाच्या छातीवर पाय पडल्यावर बाहेर आलेली तिची जीभ तेथील भाविकांना लज्जेची खूण वाटते असे नोंदवले. १९९९ मधील जोनाथन हाइट आणि डॅकर केल्टनर यांच्या अभ्यासात दाताखाली जीभ धरलेला चेहरा ओडिशातील लोकांनी ओशाळलेपणाचा म्हणून ओळखला. अमेरिकनांना तो तसा ओळखता आला नाही. मराठी वाचकाला त्याचे नवल वाटणार नाही, कारण जीभ चावणे हा आपलाच वाक्प्रचार आहे. नको ते बोलून गेल्याची जाणीव आपण त्याच मुद्रेने दाखवतो. हीच जीभ दुसऱ्याला दाखवली की ते वेडावणे होते. एकाच अवयवाने चिनी कादंबरीत विस्मय, ओडिशात लज्जा, मराठीत चूक उमगणे आणि मुलांच्या भांडणात चिडवणे दर्शवावे, हे अनैकांतिकत्वाचे उत्तम उदाहरण होय.

मराठीतील भावदर्शक वाक्प्रचारांची या दृष्टीने व्यवस्थित पाहणी होणे अगत्याचे आहे. स्थूलमानाने त्यांचे तीन गट पडतील. पहिला गट सात्त्विक भावांच्या जवळचा: घाम फुटणे, अंगावर काटा येणे, डोळे भरून येणे, चेहरा पांढराफटक पडणे. यांची शारीरिक बाजू कोणत्याही देशातील वाचकाला कळेल. भाव कोणता, हे मात्र प्रसंगावाचून कळणार नाही. म्हणूनच भाषेला आनंदाश्रू आणि दुःखाश्रू असे विभाव सुचवणारे शब्द घडवावे लागले. दुसरा गट जुन्या अभिनयपरंपरेशी जुळणारा: दातओठ खाणे हा आपला वाक्प्रचार आणि रौद्र रसाच्या अनुभावांत भरताने सांगितलेले दात-ओठ आवळणे यांतील साम्य स्पष्ट आहे. तिसरा गट संकेतांचा: तोंडात बोट घालणे, कपाळाला हात लावणे, नाक मुरडणे. हे त्या त्या समाजात शिकावेच लागतात. बोटे मोडणे हा प्रयोग तर मराठीच्या आतच दोन टोकांना जातो. एखाद्याच्या नावाने बोटे मोडणे म्हणजे त्याला शापणे. लेकरावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटे मोडणे म्हणजे त्याची इडापिडा स्वतःवर घेणे. हातांची क्रिया तीच असून एकीत द्वेष आहे, दुसरीत वात्सल्य. दोहोंतील भेद मराठी माणसाला क्षणार्धात कळतो, कारण समोर कोण उभे आहे हे तो आधी पाहतो.

८

वरील विवेचनातून अध्यापनाच्या दृष्टीने काही निष्कर्ष काढता येतात.

एक, भरताचे आठ स्थायी भाव आणि एकमन यांच्या सहा भावना यांचे समीकरण मांडणे थांबवावे. रती आणि उत्साह त्यात बसत नाहीत एवढेच त्याचे कारण नाही. एकमन यांची यादी चेहऱ्यावरून भाव ओळखण्यासाठी आहे. भरताची व्यवस्था अनेक घटकांच्या संयोगातून रस कसा निष्पन्न होतो हे सांगण्यासाठी आहे. दोन्हींचे प्रश्नच वेगळे आहेत.

दोन, या समीकरणाचा त्याग म्हणजे टोकाच्या संस्कृतिसापेक्षतेचा स्वीकार नव्हे. जन्मांध खेळाडूंच्या मुद्रा, अमेरिकन विद्यार्थ्यांनी ओळखलेला अभिनय, आणि भाषांतरातही अर्थ न गमावणारे घाम-कंप-अश्रू हे मानवी देहाच्या सामायिकतेची साक्ष देतात. सामग्री बरीचशी समान आहे. तिचा अर्थ संयोगाने ठरतो.

तीन, कथा-कादंबरीच्या विश्लेषणात पात्राच्या चेहऱ्याचे वर्णन आले की त्यावर भावनेचे लेबल लावून पुढे जाण्याची सवय सोडावी. हा चेहरा कोणासमोर आहे, कोण तो पाहत आहे, आणि लेखकाने कोणता घटक वाचकाच्या आक्षेपावर सोडला आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. दलित आत्मकथने आणि स्त्रियांची आत्मचरित्रे वाचताना तर अवहित्थ ही संकल्पना विशेष उपयुक्त ठरेल, असे वाटते. मालकासमोर, सासरी, कचेरीत निर्विकार राहिलेला चेहरा तेथे वारंवार भेटतो; त्याला सहनशीलता किंवा उदासीनता म्हणून मोकळे होणे म्हणजे एर्स्किन यांच्याच जागी उभे राहणे होय.

या प्रश्नाचे महत्त्व आता वर्गापुरते उरलेले नाही. चेहऱ्याच्या चित्रावरून माणसाची भावना ओळखण्याचा दावा करणारी यंत्रे प्रचारात आली आहेत. युरोपीय संघाने २०२४ च्या आपल्या कायद्याने, वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे वगळता, कामाच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत अशा यंत्रांच्या वापरास मनाई केली. ही तरतूद फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. अशा यंत्रापुढे अनुभाव असतो, विभाव नसतो. धुराने पाणावलेले डोळे आणि शोकाने पाणावलेले डोळे यांतील फरक त्याला कळावयाचा तर धूर आणि शोक या दोहोंचा पत्ता त्याला असावा लागेल.

रा. प. कंगले यांच्या 'रस-भाव-विचार' (१९७३) या ग्रंथामुळे नाट्यशास्त्राचे रस व भाव यांवरील अध्याय अभिनवगुप्ताच्या टीकेसह मराठीत उपलब्ध आहेत. ते वाचताना आपण अनुभावांच्या याद्या पाठ करतो. त्या याद्यांतून एकच अनुभाव किती ठिकाणी पुन्हा पुन्हा येतो, इकडे आपले लक्ष जात नाही. विद्यार्थ्यांनी सहाव्या व सातव्या अध्यायातील अश्रू, रोमांच आणि वैवर्ण्य यांच्या सर्व नोंदी एका कोष्टकात मांडाव्यात, आणि त्याशेजारी मराठी वाक्प्रचार व मराठी कथेतील प्रसंग ठेवावेत. चेहरा एकटा किती बोलतो आणि त्याच्या वतीने आपण किती बोलतो, याचा उलगडा त्या कोष्टकातून होऊ लागेल.